नव्या रीफ टाकीतले बिनतिकिटाचे प्रवासी: शोधायचे कसे, ओळखायचे कसे, हाकलायचं कुणाला

सांगली-साताऱ्यात रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, लावणाऱ्याला एक गोष्ट समुद्रकाठच्या माणसापेक्षा सोपी असते: इथे समुद्र नाही. मिरजेहून रत्नागिरीचा किनारा रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि मध्ये आंबा घाट. त्यामुळे टाकीत जे काही सरपटताना, चिकटलेलं किंवा रात्री टकटक करताना सापडेल, ते तुमच्याच दारातून, तुमच्याच पार्सलमधून आलेलं असतं. दार एकच असल्यामुळे पहारा ठेवता येतो. पण याची दुसरी बाजूही आहे. दगडाच्या फटीतले उपयोगी जीव घाबरून मारून टाकले तर ते आपोआप परत येत नाहीत, पुन्हा पैसे मोजून मागवावे लागतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांसाठी नियम असा धरावा: ओळख पटल्याशिवाय मारायचं नाही, आणि ओळख पटत नाही तोवर मुख्य टाकीतही ठेवायचं नाही.

या जिवांना हौशी मंडळी हिचहायकर म्हणतात. आपण आगंतुक म्हणू.

कशावर बसून येतात

सगळ्यात मोठी गाडी म्हणजे लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत जीवजंतूंसकट आलेला खडक. त्यानंतर प्रवाळाचे तुकडे, ज्यांना फ्रॅग म्हणतात, आणि त्यातही फ्रॅग ज्यावर चिकटवलेला असतो तो प्लग. प्लगच्या खालच्या बाजूकडे कुणी बघत नाही आणि अंडी नेमकी तिथेच असतात. गोगलगायीचं कवच, केटोसारख्या शेवाळाचा गुंता, चालू टाकीतून आणलेली वाळू आणि पिशवीतलं पाणी या बाकीच्या गाड्या. आजकाल बरेच जण कोरड्या खडकावर टाकी सुरू करतात. त्यावर सुरुवातीला काहीच नसतं, पण पहिल्याच फ्रॅगबरोबर खातं उघडतं.

गुहागर-मालवणला गेलात तर तिथून दगड उचलून आणू नका. स्क्लेरॅक्टिनिया गटातले सगळे कडक सांगाड्याचे प्रवाळ, काळं प्रवाळ, गोर्गोनियन हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावरच्या दगडावर अशा प्रवाळाचे चार पॉलिप, म्हणजे इवले जीव, चिकटलेले असले तरी ते याच कायद्यात येतात. परदेशातून आलेल्या कडक प्रवाळाला साइट्सचे, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागतात. विकणाऱ्याकडून बिल आणि कागद मागा, आणि शंका असेल तर विकत घेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. कायद्याचं एक सोडा, किनाऱ्यावरच्या दगडासोबत तेल, गाळ आणि मेलेले स्पंज येतात आणि दोन दिवसांत टाकी कुजक्या बोंबलासारखी वासते.

आधी जमवायचं सामान

पार्सल दारात आल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही, म्हणून हे आधी तयार ठेवा. पांढरे प्लॅस्टिकचे तीन टब, प्रत्येकी साधारण पाच लिटरचे. पांढरेच घ्या, रंगीत टबमध्ये अर्धा मिलिमीटरचा चपटा किडा दिसत नाही. वीस लिटरच्या दोन बादल्या, ज्यांना साबण कधीच लागलेला नाही अशा. ५० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज आणि तिला जोडायला एअरलाइनची फूटभर नळी. २५ ते ३० सेंटिमीटर लांबीचा स्टीलचा चिमटा. दहापट मोठं दाखवणारं भिंग: तासगावकडच्या द्राक्षबागांत पानावरचे थ्रिप्स बघायला वापरतात तेच चालतं. जुना पण धुतलेला टूथब्रश, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, जेलच्या स्वरूपातला सायनोॲक्रिलेट गोंद, आणि टॉर्च. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपरचे दोन थर रबरबँडने बसवा. रात्री फिरणाऱ्या बहुतेक जिवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, पांढरा पडला की क्षणात फटीत जातात.

खारं पाणी आदल्या दिवशी बनवून ठेवा: क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे १.०२५ ते १.०२६ विशिष्ट गुरुत्व. बहुतेक मिठांना लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम लागतात. पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार पूर्ण काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य. ऊसपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खतांचा नायट्रेट उतरलेला असतो, ते पाणी वापरलंत तर महिनाभर शेवाळाशीच झुंजाल आणि दोष आगंतुकांना द्याल.

वेगळी टाकीही हवी, म्हणजे क्वारंटाइन. ३० ते ४० लिटरची, तळाला वाळू नाही, स्पंज फिल्टर, १०० वॅटचा हीटर, छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), साधारण दिवा. तापमान २६ अंश. स्पंज मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, तीन आठवडे ठेवून मग इथे आणला की त्यात जिवाणू बसलेले असतात.

एक गंभीर इशारा

झोॲन्थिड आणि विशेषतः पॅलिथोआ या बटणासारख्या पॉलिपमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे अतिशय जहाल विष आहे. खडकावरची नको असलेली पॉलिप मारायला तो खडक उकळणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं, सुक्या खडकाला ब्रशने घासणं किंवा प्रेशर वॉशर मारणं या चारही गोष्टी कधीही करू नका. त्या वाफेतून आणि तुषारांतून घरातली माणसं आजारी पडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. तोंडात धातूसारखी चव, ताप, धाप, छातीत जडपणा जाणवला तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, दवाखान्यात जा आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण सांगलीतल्या कॅज्युअल्टीत हा शब्द कुणी रोज ऐकत नाही. हाताला जखम असेल त्या दिवशी खडकाला हात लावायचा नाही.

पार्सल उघडल्यावरचा पहिला तास

मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेला थर्माकोलचा डबा सकाळी हातात पडतो. खोलीतला दिवा मंद करा. पिशव्या न उघडता २० मिनिटं क्वारंटाइनच्या पाण्यावर तरंगवून तापमान जुळवा. पिशवी उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. रात्रभर बंद राहिलेल्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो आणि पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसण्याची पद्धत इथे उलटते.

पिशवीतलं पाणी कोणत्याच टाकीत जाऊ देऊ नका. पांढऱ्या मलमलच्या फडक्यातून एका टबमध्ये ओता आणि फडकं भिंगाखाली धरा. पहिली शिकार बऱ्याचदा इथेच मिळते, कारण प्रवासात पाणी बिघडलं की किडे, खेकडे दगड सोडून पिशवीच्या तळाशी येतात.

आता तीन टब ओळीने मांडा. पहिल्यात प्रवाळासाठीचं डिप, म्हणजे किडे सुटवणारं औषधी द्रावण, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. दुसऱ्या-तिसऱ्यात साधं खारं पाणी. तिन्हींचं तापमान सारखं. फ्रॅग पहिल्या टबमध्ये पाच ते दहा मिनिटं ठेवायचा आणि दर मिनिटाला सिरिंजने जोरात फवारा मारायचा, खालून, बाजूने, फांद्यांच्या बेचक्यांत. औषध किड्याला सैल करतं, पाडतो तो फवारा. नुसतं बुडवून ठेवलं तर किडा गुंगीत तिथेच चिकटून राहतो आणि टाकीत गेल्यावर जागा होतो. मग दुसऱ्या टबमध्ये खळखळून, तिसऱ्यात पुन्हा. पहिल्या टबच्या तळाशी काय पडलं ते टॉर्च आडवा धरून बघा. उजेड वरून टाकलात तर सगळं सपाट दिसतं, आडवा टाकलात तर प्रत्येक किड्याची सावली पडते.

कृषी सेवा केंद्रातलं इमिडाक्लोप्रिड वापरावं का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, कारण ते गावागावांत मिळतं. परदेशात काही हौशी लोक बागेसाठीचं एक कीटकनाशक डिप म्हणून वापरतात, तिथून हे खूळ आलं. आपल्याकडच्या फॉर्म्युलेशनमधली द्रावकं वेगळी, तीव्रता वेगळी. प्रवाळासाठी बनवलेलं डिप घ्या आणि कीटकनाशक द्राक्षावरच राहू द्या.

डिपने अंडी मरत नाहीत. ही ओळ लक्षात राहिली तरी अर्धं काम झालं. म्हणून शक्य असेल तर फ्रॅग जुन्या प्लगवरून कापून काढा, तळाचा मेलेला पांढरा सांगाडा बोन कटरने छाटा, आणि नव्या पांढऱ्या प्लगवर जेल गोंदाने बसवा. ॲक्रोपोरा प्रवाळ खाणाऱ्या चपट्या किड्याची अंडी तळाच्या उघड्या सांगाड्यावर तांबूस-सोनेरी ठिपक्यांच्या पट्ट्यासारखी दिसतात. झोॲन्थिड खाणाऱ्या न्यूडिब्रँकची (बिनकवचाच्या समुद्री गोगलगायीची) अंडी देठाजवळ पांढऱ्या वळणदार चिकट फितीत असतात. चिमट्याने खरवडून काढायची, फितीचा तुकडाही सोडायचा नाही.

यानंतर फ्रॅग क्वारंटाइनमध्ये. दर सात दिवसांनी पुन्हा डिप, निदान चार वेळा, म्हणजे राहिलेल्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायच्या आत सापडतं. माशांच्या पांढऱ्या डागाच्या रोगाचा, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनचा, प्रश्न याहून लांबचा. हा परजीवी माशाशिवाय जगू शकत नाही, पण त्याच्या गाठी दगडावर, प्लगवर, गोगलगायीच्या कवचावर चिकटून येतात. माशाविना ७६ दिवस ठेवणं हा त्यावरचा रूढ उपाय आहे. टाकीत अजून मासे टाकलेच नसतील तर ही सुवर्णसंधी आहे. घाई करणारा ती घालवतो.

खडक आला असेल तर

खडकाला डिप देऊ नका, त्याने आतला सगळा जीव मरून अमोनिया होतो. बादलीतल्या खाऱ्या पाण्यात हलवून धुवा, वासणारे काळे-राखाडी स्पंजचे तुकडे ब्रशने पाण्याखालीच काढा. मग दुसऱ्या बादलीत जास्त खारं पाणी करा: वीस लिटर नेहमीच्या खाऱ्या पाण्यात साधारण २५० ग्रॅम मीठ आणखी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०३५ च्या आसपास. खडक त्यात एक-दोन मिनिटं बुडवून बाहेर काढा आणि पांढऱ्या टबवर धरा. खेकडे, मँटिस कोळंबी, मोठे किडे अस्वस्थ होऊन टपटप खाली पडतात. याहून जास्त वेळ ठेवू नका.

त्यानंतर क्युअरिंग, म्हणजे खडक मुरवणं: अंधाऱ्या टबमध्ये २६ अंशाला, पॉवरहेडच्या जोरदार प्रवाहात, दोन ते सहा आठवडे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि आठवडाभर शून्यच राहिले की खडक तयार. टबच्या तळाशी रोज जो गाळ जमतो तो सायफनने काढताना फडक्यातून गाळा. रात्रीत कोण बाहेर आलं होतं ते त्यातल्या कातींवरून आणि विष्ठेवरून कळतं. प्रत्येक खडकाचा फोटो काढून त्याला आकडा द्या. पुढे ‘तीन नंबरच्या खडकाच्या डाव्या भोकात’ असं लिहिता आलं की अर्धी शोधाशोध वाचते.

रात्रीची पाहणी

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या रात्री आणि मग दोन महिने दर आठवड्याला. पंप चालू राहू द्या, लाल टॉर्च काचेला टेकवून एका कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि एका जागी किमान पाच मिनिटं थांबा. टॉर्च भराभर फिरवणाऱ्याला काहीच दिसत नाही.

थोड्या वेळाने काच जिवंत होते. काचेवर पांढरे कण झटके देत पळतात, ते कोपेपॉड. फटीतून केसासारखे दोन-तीन पारदर्शक धागे बाहेर येतात, वाळूवरून चाचपत एखादा कण पकडतात आणि धाग्यावरूनच आत ओढून घेतात. ही स्पॅगेटी वर्म. तिचं अंग कधीच दिसत नाही, हातच दिसतात. शेजारच्या भोकातून एक साप-तारा दोन बाहू बाहेर काढून पाण्यात हलवत असतो. वहीत फक्त चार गोष्टी लिहा: कुठे, केवढा, काय करत होता, उजेड पडल्यावर कुठे गेला. नावाची चिंता नंतर.

राहू द्यायचे कोण

कोपेपॉड, ॲम्फिपॉड, स्पॅगेटी वर्म, पंखासारखा तुरा उघडणारी फेदर डस्टर, काचेवर दोन मिलिमीटरच्या पांढऱ्या गोगलगायीसारखी वेटोळी नळी करणारी स्पायरॉर्बिड, बारीक साप-तारे, कायटन, चपट्या कवचाची स्टोमॅटेला, अननसासारखे दिसणारे छोटे पांढरे सायकॉन स्पंज. हे सगळे फुकटचे झाडूवाले. यांच्यावर एक रुपयाही खर्च करू नका.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो ब्रिसल वर्मवर. गुलाबी-करडा, चपटा, दोन्ही अंगाला पांढऱ्या कुसळांचे झुबके, बोटभर ते वीतभर लांब. दिसायला गोमेसारखा, म्हणून लोक चिमटा घेऊन धावतात. हा मेलेलं आणि उरलेलं अन्न खातो. दिसतो एक, असतात शंभर, आणि त्यांची संख्या तुम्ही किती खायला घालता त्यावरच ठरते. खूप वाढले असतील तर दोष किड्याचा नाही, चमच्याचा आहे. हाताला कुसळं लागली तर खाजकुइली लागल्यासारखी आग होते. चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा आणि वर व्हिनेगर लावा.

ज्याच्याशी त्याची गल्लत होते तो खरा फायरवर्म, हर्मोडिस, मुख्यतः अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. डोक्यावर झालरीसारखा उंचवटा, कुसळं दाट आणि लालसर कल्ल्यांसकट. हिंदी-प्रशांत महासागरातल्या खडकावर तो येण्याची शक्यता कमी. खरी काळजी युनिसिड किड्याची. डोक्यावर पाच शिंगं, अंगावर इंद्रधनुषी चमक, कुसळं आखूड, आणि तो कधीही पूर्ण बाहेर येत नाही. अर्धं अंग भोकात ठेवून झडप घालतो. रात्रीत प्रवाळाचे लचके गेलेले आणि किडा मात्र कधीच सबंध दिसत नाही, असं झालं की तो खडकच बाहेर काढायचा.

ॲस्टेरिना ताऱ्याबद्दल मतं दोन आहेत. पाच ते पंधरा मिलिमीटर, बाहू असमान, कारण तो स्वतःला फाडून वाढतो. बहुतेक काचेवरचं शेवाळ खातात, काही मात्र झोॲन्थिड कुरतडतात. तीन रात्री एकाच पॉलिपवर बसलेला दिसला आणि खालचं मांस फिकं पडलं तर उचला. काचेवर फिरतोय तर फिरू दे.

उचलायचे कोण

खेकड्यांसाठी ठोकताळा असा: केसाळ अंग, काळ्या टोकाचे जाड चिमटे, म्हणजे संशयित. त्याला संपमध्ये टाका. पण पोसिलोपोरा किंवा स्टायलोफोराच्या फांद्यांतच राहणारा चपटा, गुळगुळीत ट्रॅपिझिया खेकडा हात लावण्यासारखा नाही. तो त्या प्रवाळाचा राखणदार आहे, प्रवाळ खाणाऱ्यांना चिमटे मारून पळवतो.

रात्री टकटक ऐकू आली की दोन उमेदवार. पिस्टल कोळंबीचा एक चिमटा दुसऱ्याच्या दुप्पट असतो आणि ती सहसा निरुपद्रवी. मँटिसचे डोळे दांड्यांवर असतात आणि स्वतंत्रपणे फिरतात. आवाजावरून जागा शोधू नका, काच सगळीकडे सारखीच वाजते. एखाद्या गोल भोकाबाहेर फुटलेल्या कवचांचा ढीग दिसला तर तो ठोसेबाज मँटिस. कवचं शाबूत पण लहान मासे गायब होत असतील तर भालेवाला. खडक टबवर काढा, भोकात सिरिंजने पाच-दहा मिलिलिटर साधं सोडावॉटर सोडा, लिंबू-साखरेचं नव्हे. कार्बन डायऑक्साइडने गुदमरून तो काही क्षणांत बाहेर उडी मारतो. हे टाकीच्या आत करू नये, पीएच कोसळतो. आणि उघड्या हाताने पकडायचा नाही. मोर-मँटिसचा ठोसा सेकंदाला २३ मीटरपर्यंतच्या वेगाने बसतो असं मोजलेलं आहे, नख फुटायला तेवढं पुरतं.

माशाच्या अंगावर चिकटणारा सिरोलॅनिड आयसोपॉड पाच-दहा मिलिमीटरचा, मोठ्या काळ्या डोळ्यांचा आणि झपाट्याने पोहणारा. त्याच्यासारखाच दिसणारा निरुपद्रवी भाऊ डिवचला की पैसा किड्यासारखा गोळी होतो. सिरोलॅनिड गोळी होत नाही. झोॲन्थिडजवळ काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चक्रीसारखी सुंदर गोगलगाय दिसली तर ती सनडायल. शोभेला ठेवू नका, ती पॉलिपच खाते.

एप्टेशिया: चुन्याची गोष्ट

तपकिरी, पारदर्शक, ताडाच्या झाडासारखी ही छोटी ॲनिमोन (समुद्रफूल) प्रत्येक टाकीत एकदा तरी येते. तिला खरवडू, चिरडू, उपटू नका. तळाचा राहिलेला कणभर तुकडाही नवं झाड होतो, एकाची पाच होतात. नव्या माणसाची सर्वांत नेहमीची चूक हीच.

शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, पानाला लावायच्या चुन्याची डबी नको, तिच्यात इतर काय आहे कळत नाही. एक चमचा भुकटी थोड्या आरओ पाण्यात पानाच्या चुन्याइतकीच घट्ट कालवा. गॉगल घाला, हे डोळ्याला जाळतं. सगळे पंप बंद. बोथट टोकाच्या बारीक सिरिंजने हळू जवळ जा; झटका दिलात तर ती भोकात ओढली जाते आणि मग दिवस गेला. स्पर्श न करता तिच्या तोंडावर चुन्याचा थेंब पसरा, ती स्वतःच मिटून तो आत घेते. वर आणखी थर द्या. १५ मिनिटांनी पंप चालू. १०० लिटरमागे दिवसाला चार-पाचच, नाहीतर पीएच वर जातो. लगेच शेजारी तीन नव्या दिसल्या तर वाळवी लागल्यासारखं वाटतं, पण आठवडाभर थांबून पुन्हा मोजा.

संख्या वीसच्या वर असेल तर पेपरमिंट कोळंबी, साधारण ४० लिटरला एक. विकत घेताना बघा: कॅमल कोळंबी तिच्यासारखीच दिसते, पण तिच्या लाल अंगावर पांढऱ्या रेषा ठळक असतात आणि पाठीवर कुबड असतं. तीच प्रवाळ खाते. बर्घिया न्यूडिब्रँक फक्त एप्टेशियाच खातात, पण मिळणं कठीण आणि वेव्हमेकरमध्ये, म्हणजे लाटा करणाऱ्या पंपात, ओढल्या जातात.

नळ्या, चपटे आणि सापळे

व्हर्मेटिड गोगलगाय खडकावर कडक पांढरी नळी बांधते आणि कोळ्यासारखं चिकट जाळं पाण्यात सोडते. शेजारचं प्रवाळ विनाकारण मिटलेलं राहतं. पाणी बदलताना पातळी खाली आली की नळीच्या तोंडात जेल गोंदाचा थेंब भरा. पन्नास असतील तर रविवारी दहा-दहा करा.

गंजाच्या रंगाचे, मागे दोन टोकं असलेले लाल प्लॅनेरिया काचेवर हजारोंनी जमतात. यांच्यावर थेट औषध टाकू नका. एकदम मेले की त्यांच्या अंगातलं विष माशांनाही घेऊन जातं. आधी चार-पाच दिवस रोज एअरलाइनच्या नळीने ओढून, फिल्टर सॉकमधून गाळून संख्या निम्म्याखाली आणा. मग औषध, आणि तासाभरात ताजा सक्रिय कार्बन व मोठा पाणीबदल. तांबं असलेलं माशांचं औषध मात्र रीफमध्ये कधीच नाही, ते कवचधारी जिवांना मारतं आणि खडकात मुरून नंतर पुन्हा झिरपतं.

खेकड्यासाठी काचेचा पेला खडकाला तिरका टेकवा, आत कच्च्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून वर येता येत नाही. किड्यांसाठी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली: वरचा तिसरा भाग कापा, उलटा करून आत बसवा, तळाशी खडा आणि आमिष, संध्याकाळी ठेवा, उजाडताच काढा. दुसऱ्या रात्रीपर्यंत ठेवलेलं आमिष कुजतं आणि सापळ्याने पकडण्यापेक्षा अमोनियाने जास्त मारतं.

दिवसा बाहेर आले तर

मे महिन्यात सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि वीज गेली की पंप बंद. अशा वेळी ब्रिसल वर्म, साप-तारे, गोगलगायी भर उजेडात खडकाच्या वर चढून बसतात. ‘एकाएकी किती वाढले’ असं वाटतं, प्रत्यक्षात खाली ऑक्सिजन संपलाय आणि ते श्वासासाठी वर आलेत. सापळा लावू नका. बॅटरीवरचा एअरपंप लावा, झाकण काढा, तापमान २९ च्या वर असेल तर बाटलीत बर्फ भरून बाहेरून पुसून सोडा, आणि अमोनिया तपासा. टाकीतले सर्वांत स्वस्त अलार्म हेच. वीज जाणाऱ्या गावात त्यांना मारून टाकणं म्हणजे आपलाच धोक्याचा दिवा काढून ठेवणं.

पकडलेल्याचं काय

निरुपद्रवी पण जागा चुकलेल्याला संपमध्ये ठेवा. घातक असेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये रात्रभर, मग कचऱ्यात. कृष्णेच्या घाटावर किंवा कोकणात जाऊन समुद्रात सोडू नका: नदीत तो मरेल, समुद्रात जगला तर त्याहून वाईट, कारण तो मूळचा तिथला नाही. धुण्याचं पाणी आणि डिपही नदीत नको.

आणि ओळखच पटली नाही तर? दोन लिटरच्या डब्याला तीन मिलिमीटरची भोकं पाडा, संपमध्ये तरंगवा, आत दगडाचा एक तुकडा आणि तो प्राणी. झाकणावर तारीख. पहिल्या रात्री फक्त सुक्या नोरीचा, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळाचा, तुकडा द्या, दुसऱ्या रात्री कोळंबीचा, तिसऱ्या रात्री एका स्वस्त, भरभर वाढणाऱ्या मऊ प्रवाळाचा, म्हणजे झीनियाचा, तुकडा. मधल्या दिवसांत उपाशी ठेवा, उरलेलं सकाळी काढा. नोरी खाणारा मुख्य टाकीत जाऊ शकतो. कोळंबीवरच धावणारा संपमध्येच राहील. झीनिया कुरतडलेली दिसली तर फ्रीझरची पिशवी काढा. तिन्ही रात्री काहीच न खाल्लेला प्राणी बहुधा पाण्यातले कण गाळून जगतो. त्याला आणखी आठवडाभर डब्यातच ठेवा आणि वहीतली त्याची ओळ मोकळी सोडा.